अंगठ्याने पुसलेली पाकळी

फेई गुरुजींना बहात्तरावं वर्ष लागलं, तोवर छांगचौ गावात त्यांनी नावं ठेवली नाहीत असा एकही चित्रकार शिल्लक नव्हता. मेलेल्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. पश्चिम वेशीजवळच्या लिऊने काढलेल्या कमळांना ते कोबी म्हणत. देवळापुढे पंखे रंगवून विकणाऱ्यांची तर ते गणतीच करत नसत. त्यांच्याकडे बघताना गुरुजी अंगावरचा झगा दोन बोटांनी वर उचलून धरत, जणू शिंतोडे उडतील.

आता छांगचौमध्ये फुलं रंगवणं म्हणजे काही नवल नाही. शाईची रेघ न मारता, नुसता ओला रंग रेशमावर सोडायचा आणि त्यातून पाकळी उभी करायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. गल्लीगल्लीत एक तरी घर असं सापडतं, जिथे कोणीतरी खाली मान घालून हेच करत बसलेलं असतं. एवढ्या गर्दीत आपण सगळ्यांच्या वर आहोत हे गुरुजींना रोज उठून सिद्ध करावं लागे, आणि त्यासाठी त्यांच्या हाती एक हुकमी गोष्ट होती. ती म्हणजे त्यांचा पांढरा रंग.

गुरुजींचा पांढरा शिंपल्याचा. शिंपले भाजायचे, कुटायचे, पाण्यात घोळायचे, वरचं पाणी निथळून पुन्हा घोळायचे. असे चाळीस दिवस. घाई असलेले लोक त्याऐवजी शिशाचा सफेदा वापरतात. तो लावायला सोपा, दिसायला झकपक, आणि बायका तोंडाला लावतात त्या पुडीतही तोच असतो. फक्त वीस-पंचवीस वर्षांनी तो काळा पडतो. मोगऱ्याचं शुभ्र फूल काढून ठेवावं आणि नातवाने उघडून बघावं तर चुलीतून काढल्यासारखं दिसावं, अशी गत.

"सफेदा लावणारा चित्रकार नव्हे, तो न्हावी," गुरुजी म्हणत. त्यांचा पट्टशिष्य जियांग हुआन आता चाळिशीचा होता, पोट सुटलेलं होतं, त्याची स्वतःची मुलं लग्नाला आली होती. पण विसाव्या वर्षी एकदा त्याच्या बशीत सफेदा सापडला म्हणून गुरुजींनी दहा माणसांदेखत त्याच्या थोबाडीत मारली होती. तो प्रसंग गुरुजी अजून जेवणावळीत रंगवून सांगत, आणि जियांग शेजारी बसून हसत असे. हसायला लागतच असे.

त्या वर्षी गुरुजींचा जीव एका गोष्टीत अडकला होता. रुआनसाहेब तीस वर्षं राजधानीत नोकरी करून गावी परतले होते आणि जिल्ह्याचा इतिहास नव्याने लिहून घेण्याचं काम सरकारने त्यांच्याकडे सोपवलं होतं. त्यात गावच्या चित्रकारांचं एक प्रकरण होतं. फेई गुरुजींसाठी तीन ओळी राखून ठेवल्याचं कारकुनाकडून कळलं होतं. त्यांपैकी एक ओळ अशी की यांनी जन्मात कधी सफेद्याला हात लावला नाही. माणूस मरतो, फुलं तर चार दिवसांत झडतात, पण जिल्ह्याच्या इतिहासातल्या तीन ओळी तीनशे वर्षं राहतात, असा गुरुजींचा हिशेब. त्या ओळींसाठी ते रोज जरा जास्तच मोठ्याने बोलत.

म्हणून वसंताला निरोप द्यायच्या दिवशी रुआनांकडून पालखी आली, तेव्हा गुरुजींनी नवा झगा घातला आणि जियांगला बरोबर घेतलं.

रुआनांच्या बागेत पांढऱ्या पिओनीचं एक झुडूप आहे, शंभर वर्षांचं. परातीएवढी फुलं येतात आणि आठ-दहा दिवसांत खाली पडतात. ती पडायला लागली की रुआन मंडळी चार लोकांना बोलावून दारू पितात, कविता म्हणतात आणि वसंताला वाटेला लावतात. त्या दिवशी चाळीसेक पाहुणे होते. तिळाच्या जाड पोळ्या होत्या, नदीतल्या गोगलगायी होत्या, आणि अर्ध्या लोकांना कविता येत नव्हती ते खात होते. गुरुजींना दोन्ही प्रकारचे लोक सारखेच टाकाऊ वाटले.

"गुरुजी, एका कामासाठी तुमचीच वाट बघत होतो," रुआनसाहेब म्हणाले. "आई गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्या पेटीत दोन चित्रं सापडली. दोन्ही आपल्या याच झुडपाची. एकतीस वर्षांपूर्वी तिने तुम्हाला याच दिवशी बोलावलं होतं, आठवतं?"

गुरुजींना आठवत होतं. रुआनांच्या म्हाताऱ्या आईने दोन जणांना समोरासमोर बसवलं होतं आणि झडणारी पिओनी काढायला सांगितली होती. एक ते स्वतः, तेव्हा एकेचाळीस वर्षांचे, नावारूपाला आलेले. आणि दुसरी कोण, तर सानन्यांग, चित्रांना मागून कागद लावून गुंडाळ्या करणाऱ्या ताओ कारागिराची बायको. दिवसभर खळ शिजवणारी बाई. ती फुलं बरी काढते असं म्हातारीच्या कुणीतरी कानावर घातलं होतं.

"वाळवीने दोन्हींची खालची पट्टी खाल्ली आहे," रुआनसाहेब सांगत होते. "सही-शिक्के सगळे गेले. कुठलं कोणाचं ते तुम्हीच सांगायचं आणि त्यावर चार शब्द लिहायचे. मग ताओ आजी दोन्ही नीट लावून देतील. त्यांनाही बोलावलं आहे."

बागेच्या कडेला, नोकरांच्या रांगेत, एक वाळकी म्हातारी खळीचं भांडं आणि रुंद ब्रश घेऊन उभी होती, तीच सानन्यांग. तिने गुरुजींना वाकून नमस्कार केला. गुरुजींनी हनुवटी बोटभर हलवली. एकतीस वर्षांत त्यांनी तिला याहून जास्त काही दिलं नव्हतं.

टेबलावर दोन चित्रं उलगडलेली होती. रेशीम सारखंच, आकार सारखाच, झुडूपही तेच. एका चित्रातली पिओनी आजही पांढरी होती, नुसती पांढरी नव्हे, आतून किंचित हिरवट, जशी खरी असते तशी. दुसऱ्या चित्रातली फुलं काळी ठिक्कर पडली होती. हिरवी पानं तशीच, देठ तसेच, आणि मधे जळक्या चिंध्यांसारख्या पाकळ्या.

बघायला जमलेले लोक हसले. कोणाला विचारायची गरजच नव्हती.

"खळवालीचा सफेदा!" जियांग म्हणाला. इतक्या वर्षांनी थोबाडीत खायची पाळी दुसऱ्या कुणावर आली याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. "आणि हे आमच्या गुरुजींचं. आंधळाही सांगेल."

गुरुजी पुढे झाले. त्यांचा सगळा तिरस्कार तोंडावर तयार होता, शब्द जिभेवर होते. त्यांनी वाकून काळ्या चित्राकडे बघितलं, आणि सर्वांत खालच्या फुलाच्या मुडपलेल्या पाकळीवर त्यांची नजर थांबली.

तिथे ब्रशचे केस फाकले होते. पाकळीच्या पाठीवर तीन रेघा उमटल्या होत्या, आणि रंग ओला होता तोवर कुणीतरी अंगठ्याने त्या पुसून घेतल्या होत्या. त्या पुसण्याने पाकळीला असा बाक आला होता की ती आता सुटेल, मग सुटेल, असं वाटावं. काळ्या रंगातही ते दिसत होतं. तो अंगठा गुरुजींचा होता, डावा.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. त्या दिवशी नोकर शिंपल्याच्या रंगाची डबी घरीच विसरला होता. समोर सानन्यांगपुढे भरलेली बशी होती, आणि ती म्हणाली होती, "घ्या ना गुरुजी यातला, मी घरी घोळलाय, भरपूर आहे." तेव्हा त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं होतं, "खळीच्या हातचा रंग मी लावत नाही." मग हात धुवायचं निमित्त करून ते आत गेले होते आणि रुआनांच्या आईच्या दासीकडून तोंडाला लावायच्या पुडीची डबी मागून आणली होती. एकदाच. एका दिवसापुरतं. चित्र झाल्यावर सानन्यांगच्या फुलांकडे बघून ते म्हणाले होते, "बाई, रेशीम काही झाडाला लागत नाही. तू आपली खळ शिजव." चाळीस लोक हसले होते. सानन्यांगने त्यानंतर ब्रश हातात धरला तो फक्त खळीचा.

आता ते खरं सांगू शकले असते. काळं चित्र माझं, चूक झाली, एवढे पाच शब्द. रुआनसाहेब भला माणूस होता, त्याने हसून सोडून दिलं असतं. पण तीन ओळींमधली एक गेली असती. आणि जियांग हुआन, तो पोट सुटलेला जियांग, वीस वर्षांपूर्वीच्या गालावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला असता.

"शाई," गुरुजी म्हणाले.

पांढऱ्या चित्राच्या वरच्या कोऱ्या रेशमावर त्यांनी लिहिलं की हे मी एकेचाळिसाव्या वर्षी रुआनांच्या बागेत काढलं. मग काळ्या चित्राकडे वळून त्यांनी लिहिलं: 'कारागिराचा हात. तोंडाची पूड फुलाला लावली, वसंत जायच्या आधीच फुलांची काजळी झाली. घरात ठेवण्याच्या लायकीचं नाही. फेई, वय बहात्तर, पाहून लिहिलं.' खाली लाल शिक्का दाबला.

लोकांनी वाहवा केली. अक्षर खरोखरच सुंदर आलं होतं.

"ताओ आजी," रुआनसाहेब जरा ओशाळून म्हणाले, "हे तुमचंच ना?"

म्हातारी टेबलाजवळ आली. तिने आधी पांढरं चित्र बघितलं, खूप वेळ, घरातलं हरवलेलं माणूस दिसावं तसं. मग काळं बघितलं. मग गुरुजींनी लिहिलेलं सावकाश वाचलं. तिला वाचता येतं हे गुरुजींच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तोंडाची पूड," ती म्हणाली. "गुरुजींना बरं कळलं. सफेदा म्हणाले नाहीत, तोंडाचीच पूड म्हणाले."

"बुबुळं शाबूत आहेत माझी," गुरुजी म्हणाले. "नुसत्या पोतावरून कळतं."

"कळणारच. त्या दिवशी केवड्यासारखा वास सुटला होता सगळ्या बागेत. मला वाटलं, फुलांचाच." ती रुआनसाहेबांकडे वळली. "साहेब, लावायच्या आधी हे पांढरं करून घेऊ का?"

"म्हणजे? पुन्हा रंगवणार?"

"छे हो. मला कुठे रंगवता येतं? गुरुजींनी सांगितलंच होतं. काळा पडलेला सफेदा आम्ही उठवतो. एक वाटी दारू लागेल, जळेल अशी कडक. आणि हे अक्षर वाळू द्या आधी."

गुरुजी फस्सकन हसले. काळं झालेलं पांढरं होतं म्हणे! पन्नास वर्षं त्यांनी चित्रं काढली, पण चित्रं लावणाऱ्यांच्या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते. नोकराहाती पाठवायचे आणि नोकराहाती आणवायचे. तिथे मागच्या खोलीत काय चालतं हे विचारणं म्हणजे आचाऱ्याच्या मोरीत डोकावणं, असं त्यांना वाटे. "जाळ हो, जाळ," ते म्हणाले. "नाहीतरी जाळण्याच्याच लायकीचं आहे."

सानन्यांगने अक्षर वाळेपर्यंत वाट बघितली. मग ब्रशने रेशीम ओलं केलं. कागदाच्या ओल्या सुरळ्या वळून प्रत्येक फुलाभोवती बोटभर उंचीचा बांध घातला, शेतात वाफा करतात तसा. आत चमचाभर दारू ओतली आणि पेटती काडी लावली. निळी ज्योत फुलावरून फिरली आणि विझली. बायका किंचाळल्या. तिने पुन्हा ओतली, पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी एक पाकळी करडी झाली. पाचव्या वेळी पांढरी.

खाणाऱ्यांनीही हात आवरले. एकेक फूल धुरातून बाहेर येत होतं, आणि ते नुसतं पांढरं नव्हतं. शेजारच्या चित्रातली पिओनी शांत होती, मान झुकवून उभी होती. ही पिओनी झडत होती. दोन पाकळ्या हवेत होत्या, त्या पडताहेत हे कळत होतं आणि जमीन किती लांब आहे हेही कळत होतं. सर्वांत शेवटी खालचं फूल आलं. ती मुडपलेली पाकळी पांढरी झाली तेव्हा एका म्हाताऱ्या पाहुण्याने नकळत हात पुढे केला, जणू ती झेलायची होती.

गुरुजींनी जन्मात याच्याइतकं चांगलं काही काढलं नव्हतं. हे त्यांना आत्ता कळलं. एकतीस वर्षं ते पेटीत होतं आणि ते आपले कोबीला नावं ठेवत हिंडत होते. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संताप आला.

"बापरे," रुआनसाहेब म्हणाले. "ताओ आजी, हे तुम्ही काढलंत? आणि आईने एवढं दडवून ठेवलं?" मग त्यांची नजर वरच्या अक्षरांवर गेली आणि ते घाईने खाली बघू लागले. सगळेच वरचं वाचत होते आणि खालचं बघत होते. घरात ठेवण्याच्या लायकीचं नाही. कुणीतरी खोकलं.

"गुरुजींना वयोमानाने…" एक पाहुणा कुजबुजला.

"वयोमान कसलं," दुसरा म्हणाला. "एकतीस वर्षं जळतोय तिच्यावर. दिसतंय की."

जियांग हुआन त्या पाकळीवर वाकला होता.

"आजी, तुमचं नाव इतिहासात घालतो मी," रुआनसाहेब म्हणाले. "वाटल्यास दोन ओळी."

"नको साहेब." म्हातारी सुरळ्या गोळा करत होती. "या चित्राखाली माझं नाव नको. मी फुलांना पूड लावत नाही."

"आता लाजू नका."

"लाजत नाही. खरंच नको. द्यायचंच असेल तर हे चित्र द्या मला. गुरुजींनी लिहूनच दिलंय, तुमच्या घरात ठेवायच्या लायकीचं नाही म्हणून. माझं घर काय, दुकानच ते. तिथे चालेल."

रुआनसाहेबांना नाही म्हणवेना. गुरुजींकडे त्यांनी परवानगीसाठी बघितलं, आणि गुरुजींनी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? चित्र गुंडाळून घेताना सानन्यांग त्यांच्या अगदी जवळून गेली आणि हळू आवाजात बोलली.

"छान काढलं होतंत हो. त्या दिवशीही मला तेच म्हणायचं होतं, पण तुम्ही आधी बोललात. जपेन मी. अजून वीस-पंचवीस वर्षांनी परत काळं पडेल, तेव्हा ना तुम्ही असाल ना मी. शाई मात्र तुमची चांगली आहे, ती जायची नाही."

"किती मागतेस?" गुरुजींनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना त्याचं हसू आलं होतं. आता तिथे पाणीही नव्हतं, रागही नव्हता. गोगलगायीचा रिकामा शंख ताटाबाहेर टाकताना माणूस बघतो, तशी ती बघत होती.

"तुमच्या हातचं मी काही घेत नाही," ती म्हणाली, आणि गेली.

चित्र तिने दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावलं, अक्षरांसकट. कालव्याच्या पुलावरून उतरलं की समोरच दिसतं. गावातली पोरंटोरंसुद्धा येऊन आधी फुलं बघत, मग वरचं मोठ्याने वाचत, मग हसत. गुरुजींनी पुलाची वाट सोडली आणि ते मासळीबाजारातून वळसा घालून जाऊ लागले. झगा वर उचलून. इतिहास छापला गेला, तीन ओळी आल्या, तिन्हीच्या तिन्ही. कारकुनाने कोरी प्रत घरी आणून दिली. गुरुजींनी ती उघडली, वाचली, आणि कपाटात घातली.

शरद ऋतूत जियांग हुआन एक चित्र घेऊन आला. शिष्याने गुरूला काम दाखवायचं असतं, तसं त्याने ते टेबलावर पसरलं. पांढरी पिओनी, झडणारी. दोन पाकळ्या हवेत.

"हे कुठून आणलंस?" गुरुजींनी विचारलं.

"ताओ आजींच्या दुकानात बघून उतरवलं. सहा दिवस बसलो होतो तिथे. आजींनी स्टूल दिलं, तिळाची पोळी दिली. आता सगळेच जातात तिथे, गुरुजी. लिऊचा मुलगासुद्धा." तो जरा थांबला. "तुम्ही काहीही लिहा, पण तो हात मोठा आहे. राग मानू नका."

गुरुजींनी राग मानला नाही. ते चित्राकडे बघत होते. फुलं बरी होती, देठ बरे होते, पण खालची मुडपलेली पाकळी या ठोंब्याने पार घालवली होती. तिच्या पाठीवर त्याने बारीक ब्रशने छटा देत देत चिखल केला होता. पाकळी सुटणार नव्हती, ती चिकटून बसली होती, डिंकाने लावल्यासारखी. आपल्या आयुष्यातली एकुलती एक खरी पाकळी, आणि तिची ही दशा. आता गावातला जो तो मूर्ख तिथे स्टुलावर बसून हाच चिखल करणार. ते त्यांना सहन होईना.

"गाढवा," ते ओरडले, "वीस वर्षं काय शिकलास? छटा कसली देतोस तिथे? तिथे ब्रश लागलेलाच नाही! केस फाकून तीन रेघा पडल्या, म्हणून त्या ओल्या असताना अंगठ्याने पुसल्या. अशा. डाव्या अंगठ्याने, देठाकडून वर."

आणि त्यांनी अंगठा हवेत ओढून दाखवला.

जियांग हुआनने आधी चित्राकडे बघितलं. मग त्या अंगठ्याकडे बघितलं, जो अजून हवेतच होता.

मग जियांगने आपलं चित्र सावकाश गुंडाळलं आणि दुसऱ्या हाताने गाल चोळला, अगदी नकळत.

"गुरुजी," तो म्हणाला, "त्या दिवशी बशी माझी होती, म्हणून थोबाडीत मी खाल्ली. तुमच्या वेळी कोणी मारली?"